सांगली-मिरज-कुपवाड : ठेकेदारीचं स्वतःचं लायसन काढावं का, का चाललंय ते बरं?

कृष्णाकाठचा_वायरमन | रविवार, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

आयटीआय वीजतंत्री झालो, त्यालाही बारा-तेरा वर्षं झाली. विश्रामबाग, धामणी रोड, कुपवाडच्या बाजूला घरांची कामं करतो. हाताखाली दोन पोरं आहेत. तारतंत्री परवाना माझ्या नावावर आहे, ठेकेदारीचं लायसन नाही. आजवर मीटरच्या अर्जाला टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा कागद) लागला की एका जुन्या ठेकेदार काकांची सही-शिक्का आणायचो. पैसे ठेवले की सही. काका साइटवर एकदाही आले नाहीत. मलाही त्यात कधी वावगं वाटलं नाही, सगळेच तसं करतात.

आता काकांचं वय झालं. परवा म्हणाले, "बाळा, पुढच्या वेळेपासून तुझं तू बघ, मी लायसन रिन्यू करत नाही." दुसरीकडून सही मिळेल, तो प्रश्न नाही. पण त्या दिवसापासून डोक्यात घोळतंय की स्वतःचंच काढावं. बायको म्हणते काढा. सासरे म्हणतात, जीएसटी, इन्कम टॅक्स मागं लागेल, आहे त्यात सुखी राहा.

ज्यांनी काढलंय त्यांनी खरं खरं सांगा. खर्च कितीचा पडतो, उपयोग काय होतो आणि गिऱ्हाईक त्याचे दोन पैसे जास्त देतं का? "शुभेच्छा" नकोत, हिशोब हवाय.

---

मिरज_मेगर | रविवार, रात्री 11:05

लायसन काढून मला अठरा वर्षं झाली, म्हणून लांब लिहितो.

आधी एक गोंधळ निस्तरू. आपल्याकडं लोक "लायसन" म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकात घालतात. तारतंत्री परवाना म्हणजे हातानं काम करायची परवानगी. पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र म्हणजे ते काम बघायची. आणि ठेकेदाराची अनुज्ञप्ती म्हणजे काम अंगावर घ्यायची. तिन्ही एकाच ठिकाणाहून येतात, मुंबईच्या अनुज्ञापक मंडळाकडून. आपला जवळचा दरवाजा म्हणजे विद्युत निरीक्षकांचं ऑफिस. महावितरणचा याच्याशी संबंध नाही. लोक उगाच बोर्डाच्या ऑफिसात जाऊन विचारतात आणि तिथला माणूस यांना तिसरीकडंच पाठवतो.

कायद्यात काय आहे ते सांगतो. पूर्वी 1956 च्या नियमांतला 45 वा नियम होता. मग केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2010 चे सुरक्षा विनियम आले, आता 2023 चे आहेत. आकडे बदलले, गाभा तोच राहिला. नवीन काम असो, वाढीव असो की दुरुस्ती, ते लायसनधारक ठेकेदारानंच घ्यायचं, प्रमाणपत्रवाल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हायचं आणि हात लावणाऱ्याकडं परवाना पाहिजे. सूट फक्त दिवा, पंखा, फ्यूज, स्विच असल्या बदलाबदलीला, तीही लोड आणि मूळ रचना बदलत नसेल तर. म्हणजे आपण रोज जे करतो त्यातलं निम्मं या सूटीत बसत नाही. किचनमधे 16 अँपिअरचा नवीन पॉइंट ओढला की गेलो बाहेर.

तुझ्यापुढची खरी अडचण फीची नाही, फी परवडते. अडचण पर्यवेक्षकाची आहे. ठेकेदारीच्या अर्जावर प्रमाणपत्रवाला पर्यवेक्षक दाखवावा लागतो, आणि तो दुसऱ्या ठेकेदाराच्या कागदावर असलेला चालत नाही. तुझ्या परवान्यावर इतकी वर्षं काम झालंय, तर परीक्षेला बसून तूच पर्यवेक्षक हो. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांचा रस्ता वेगळा आणि आखूड आहे. आपला लांबचा, पण आहे.

दुसरं, उपकरणं. मेगर (वायरचं इन्शुलेशन मोजणारा), अर्थ टेस्टर (अर्थिंग मोजणारा), टाँग टेस्टर (तारेतला करंट मोजणारा). नुसती बिलं जोडून कपाटात ठेवायची नाहीत, वापरायची. माझं नाव उगाच मेगर नाही.

---

कोपऱ्यावरचा_फ्यूज | रविवार, रात्री 11:31

लायसन बियसन काय बघत नाय कुणी. वीस वर्षं झाली, आपलं एक काम अडलं नाय. पैसे वाचवा आन बुलेट घ्या.

---

मिरज_मेगर | रविवार, रात्री 11:40

अडलं नाही म्हणजे अजून कुणाला शॉक बसला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

---

गणपतीपेठ_काउंटर | सोमवार, सकाळी 9:20

मी दुकानदार, म्हणून मालाचं बोलतो. या धंद्यात मार्जिन कुठं जातं ते मला काउंटरवरून दिसतं. ते तांब्यात जातं.

मे 2024 मधे लंडनच्या बाजारात तांब्यानं टनाला 11 हजार डॉलर ओलांडले होते, तेव्हापासून कंपन्यांची रेट लिस्ट कधी बदलेल याचा भरवसा राहिला नाही. ठेकेदार स्लॅबच्या वेळी कोटेशन देतो. पाइप पडतात, बांधकाम होतं, प्लास्टर होतं, वायर ओढायला सात-आठ महिन्यांनी येतो. तोवर कॉइलचा भाव कुठल्या कुठं. मग माझ्याशी हुज्जत घालतो. मालकाशी घालायला तोंड नसतं, कारण कोटेशनवर "दर इतक्या दिवसांपुरता" असं लिहिलेलंच नसतं. तेवढी एक ओळ लिहा रे बाबांनो.

आणि स्वस्त कॉइलची गंमत सांगतो. तांब्याची घनता 8.96, म्हणजे घन सेंटिमीटरला तेवढे ग्रॅम. दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिमी जाडीची) 90 मीटरची कॉइल घ्या, नुसतं तांबं साधारण 1.2 किलो भरलं पाहिजे. अडीच एमएमला 2 किलो, चारला 3.2 किलो. वर पीव्हीसीचं वजन वेगळं. आता ती "तीच वायर पण चारशे कमी" वाली कॉइल काट्यावर ठेवा. पीव्हीसी सकट 1.2 भरत नाही! एक तर मीटर कमी असतात नाहीतर तार बारीक. मी स्वतः गिऱ्हाइकासमोर काट्यावर ठेवून दाखवतो. दहातले सहा तरी स्वस्तच घेऊन जातात, तो भाग निराळा.

---

शाहूपुरी_घरमालक | सोमवार, दुपारी 1:15

मी साताऱ्याचा, धंद्यातला नाही. सध्या घर बांधतोय, बाराशे फूट. वायरिंगची तीन कोटेशनं घेतली. एकानं फुटावर दिलं, एकानं पॉइंटवर आणि तिसऱ्यानं "माल तुमचा, मजुरी सगळी मिळून इतकी" असं बोटं मोडून सांगितलं. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त यांच्यात जवळजवळ दुप्पट फरक. महागवाला म्हणाला माझ्याकडं लायसन आहे. मी म्हटलं, असेल, पण त्यानं माझ्या भिंतीत काय वेगळं येणार आहे? त्यावर तो जरा चिडलाच.

रागावू नका, पण मलाही तेच विचारायचंय. काय वेगळं येतं?

---

कृष्णाकाठचा_वायरमन | सोमवार, रात्री 8:50

दादा, रागवायचं काय त्यात. मी रोज ज्या प्रश्नापुढं गप्प बसतो तोच तुम्ही विचारलात.

माझ्या मागच्या कामाचा हिशोब सांगतो. कॉन्सिल (भिंतीच्या आतलं) वायरिंग, मजुरी पॉइंटवर ठरलेली. मी ज्याला पॉइंट धरतो त्यात झिरी मारणं, पाइप, बॉक्स, वायर ओढणं, बोर्ड भरणं सगळं येतं. चांगल्या पोराला दिवसाचे नऊशे द्यावे लागतात, हेल्परला सहाशे. कटरची ब्लेडं माझी, गाडीचं पेट्रोल माझं. मालक मधेच म्हणणार, "टीव्ही या भिंतीवर नको, त्या भिंतीवर घ्या." भरलेली झिरी परत फोडायची. त्याचे पैसे मागितले की तोंड वाकडं. तीन आठवड्यांचं काम पाच आठवडे चाललं आणि हातात जे उरलं ते माझ्या स्वतःच्या रोजाएवढंसुद्धा नव्हतं. वर शेवटचे दहा हजार अजून यायचेत. "वास्तुशांत झाली की देतो" म्हणाले होते. वास्तुशांत होऊन दोन महिने झाले, जेवूनही आलो.

अर्थिंग तपासायचं मशीन माझ्याकडं नाही, हे खरं सांगतो. खड्डा मारतो, कोळसा-मीठ घालतो, पाणी ओततो, फेज आणि अर्थमधे बल्ब लावून बघतो. पेटला की झालं.

---

निवृत्त_बोर्डवाला | सोमवार, रात्री 10:02

बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग झालं, हे वाक्य मी नोकरीत हजारदा ऐकलं. अर्थिंग कमकुवत असलं तरी बल्ब पेटतो, त्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. दोष झाल्यावर एमसीबी पाडायला कितीतरी जास्त प्रवाह जमिनीत जावा लागतो. तो जात नाही. मग गिझरची बॉडी जिवंत राहते आणि एमसीबी शांतपणे वर बसून बघत राहतो.

सातारकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. लायसनवाल्याकडून तुम्हाला भिंतीत वेगळं काही मिळणार नाही. मिळायला पाहिजेत ते आकडे. वायरिंगचं इन्शुलेशन किती मेगओहम, अर्थ किती ओहम, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइट तोडणारा स्विच) बटण दाबल्यावर पडते की नाही. हे कागदावर लिहून त्याखाली जो सही करतो त्याला पैसे द्या. नुसतं लायसन भिंतीला टांगणाऱ्याला एक रुपयाही जास्त देऊ नका. तुमच्याकडं खडक वर असेल तर अर्थिंग उन्हाळ्यात मोजायला सांगा. सांगलीच्या काळ्या मातीत ओल धरते, तिथं सोपं जातं. साताऱ्यात पावसाळ्यात आलेला आकडा एप्रिलमधे राहत नाही.

आता कृष्णाकाठच्या, तुला. तुझ्या त्या काकांची काळजी वाटते. एक प्रकार माझ्या डोळ्यांदेखतचा आहे, गाव सांगत नाही. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला माणूस चिकटला, गेला. अपघात झाला की कायद्याच्या 161 कलमाखाली विद्युत निरीक्षकाची चौकशी लागते. फाइल उघडली. टेस्ट रिपोर्टवर सही कुणाची? तालुक्याच्या गावातल्या एका ठेकेदाराची. त्याला ते शेत कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा सांगता येईना. जोडणी केली होती गावातल्या एका पोरानं, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. सहीचे त्याला मिळाले होते तीनशे रुपये. पुढं चार वर्षं तो माणूस तारखांना हेलपाटे घालत होता.

आमच्याकडचीही चूक होती, ते कबूल करतो. रिपोर्ट आला की कोरा आहे की भरलेला एवढंच बघायचो. सगळ्या रिपोर्टांवर इन्शुलेशनचा आकडा एकच कसा, असं मी एकदाही विचारलं नाही.

---

गावभागचा_नातू | सोमवार, रात्री 11:18

इन्शुलेशनवरून 2019 चा पूर आठवला. विषयांतर वाटेल, पण लिहितोच.

ऑगस्टमधे आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. आमच्या गल्लीत तळमजले कितीतरी दिवस पाण्यात. पाणी उतरल्यावर बोर्ड उघडला तर आत नुसता गाळ, सॉकेटच्या भोकातून गांडूळ. अख्खं गाव वायरमन शोधत फिरत होतं. एक माणूस मिळाला, त्यानं हेअर ड्रायरनं बोर्ड वाळवले, लाइट चालू करून दिली, दोन हजार घेतले आणि गेला. आम्ही त्याच्या पाया पडायचे बाकी होतो. चार दिवसांनी आजी भिंतीला हात लावून म्हणाली, "भिंत चावतीय रे."

मग मिरजेहून एक ठेकेदार आले. त्यांनी लाइट बंद करून ते मेगरचं डबडं जोडलं. खालच्या मजल्याचं रीडिंग जवळपास शून्य. पाइपमधे पाणी साठलं होतं. त्यांनी सगळी वायर उपसून काढायला लावली आणि मीटर आणि डीबी (एमसीबींची पेटी) छातीच्या वर चढवले. खालच्या मजल्याला वेगळी आरसीसीबी दिली, म्हणजे पुन्हा पाणी आलं तर खालचं बंद करून वर लाइट चालू ठेवता येईल. जुलै 2021 ला परत पाणी आलं, तेव्हा आम्ही माडीवर दिव्याखाली बसून होतो. त्यांचं बिल त्या वेळी डोळ्यांवर आलं होतं, हेही सांगतो. वडिलांनी तीन हप्त्यांत दिलं.

---

मिरज_मेगर | मंगळवार, सकाळी 7:02

तिसरा हप्ता अजून यायचाय 🙂

(गंमत करतोय. तो मी नव्हे.)

---

पूर्वभाग_जत | मंगळवार, सकाळी 10:40

शहरातलं ठीक आहे, खेड्याकडचं ऐका. आमच्याकडं "वायरमन" म्हटलं की लोक बोर्डाचा माणूसच समजतात. बोर्ड 2005 ला मोडून महावितरण झालं तरी तोंडात एमएसईबीच. माझं लायसन आहे, धंदा सगळा शेतीपंपाचा होता. नवीन कनेक्शन, डीपी (ट्रान्सफॉर्मर), पोल, लाइन. ज्याला थांबायचं नाही तो शेतकरी किंवा कारखानदार महावितरणला 1.3 टक्के सुपरव्हिजन (देखरेखीची फी) भरून आमच्याकडून लाइन उभी करून घ्यायचा. त्या कामाला लायसनशिवाय हातच लावता येत नाही आणि पैसेही बरे.

आता "मागेल त्याला सौर कृषी पंप" आलं. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला पाचच, आणि पंप, पॅनल, बसवणं सगळं नेमलेल्या कंपनीकडून. पोल नाही, लाइन नाही, मग माझं काय काम? शेतकऱ्याला दिवसा पाणी मिळतंय, वाईट कसं म्हणू. पण माझी चार माणसं होती, आता एक आहे.

सरकारी कामाकडं वळावं म्हटलं तर तिथं काम केल्यावर बिलाची वाट. 2025 मधे थकीत बिलांसाठी राज्यभर ठेकेदार रस्त्यावर आले होते ते उगाच नाही. माझं शाळेच्या वायरिंगचं एक बिल इतकं जुनं झालंय की ती पोरं आता कॉलेजात असतील.

तर भावा, लायसन काढ, पण कुठल्या कामासाठी काढतोस ते आधी ठरव.

---

कराडची_पर्यवेक्षक | मंगळवार, दुपारी 3:25

डिप्लोमा इलेक्ट्रिकल, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आहे. धाग्यातल्या दोन गोष्टींवर बोलते.

सासऱ्यांची जीएसटीची भीती. मालासकट काम घेतलं की ते कायद्यानं सेवेत मोडतं, म्हणून मर्यादा वर्षाला 20 लाखांची, दुकानदारांची 40 लाखांची नव्हे. इथं पुष्कळ जण फसतात. माल मालकानं स्वतः घेतला आणि तुम्ही फक्त मजुरी घेतली तर उलाढाल मजुरीचीच धरली जाते, घरगुती कामांवर बहुतेक जण 20 च्या आतच राहतात. नोंदणी झाली की 18 टक्के लावायचे. कारखान्याला त्याचं काही वाटत नाही, त्याला ते परत मिळतात. घरमालकाला मिळत नाहीत, तो थेट "बिल नको" म्हणतो. आणि लायसन काढल्यानं कुठलाही कर आपोआप लागत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट. वर्षातून चार-पाच फोन मला असे येतात : "मॅडम, तुमचं सर्टिफिकेट फक्त लावायला द्या, घरबसल्या पैसे देतो." शेवटचा फोन करणाऱ्यानं वर ऐकवलं, "नाहीतरी तुम्ही बाईमाणूस कुठं साइटवर जाणार?" मी त्या वेळी साइटवरच होते, कुपवाडला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या पॅनलसमोर. सही विकत घेणं आणि प्रमाणपत्र भाड्यानं लावणं यांत काही फरक नाही. कृष्णाकाठचे भाऊ, परीक्षा पास होईपर्यंत तुम्हाला हाच सोपा रस्ता कुणीतरी सुचवेल. बोर्डवाल्या काकांची विहिरीची गोष्ट तेव्हा आठवा.

आता काम कुठं आहे? छतावरचं सोलर. फेब्रुवारी 2024 ला पीएम सूर्यघर आलं. 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटला 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे 3 किलोवॉटला 78 हजारांची सबसिडी. लोक पॅनलची कंपनी बघतात. पण साइटवर अडतं ते घरातल्या जुन्या वायरिंगपाशी. डीबी सडलेली, अर्थिंग नावापुरतं, न्यूट्रल आणि अर्थ कुठंतरी एकत्र बांधलेले. आरसीसीबी लावली की पडते, आणि मग काढूनच टाकतात! सोलरला डीसी, एसी आणि लाइटनिंग अरेस्टर (पडणारी वीज जमिनीत नेणारा) असे तीन अर्थ खड्डे लागतात. पॅनल बसवणाऱ्यांकडं हे नीट करणारी माणसं नाहीत. मोजून देणारा ठेकेदार मिळाला तर ते रोख पैसे देतात, वास्तुशांतीची वाट न बघता.

---

कोपऱ्यावरचा_फ्यूज | मंगळवार, सायंकाळी 6:10

ताई, ते न्यूट्रल-अर्थ एकत्रचं जरा इस्कटून सांगा की. एका घरात आरसीसीबी सारखी पडतीय. तीन दिवस झालं डोकं खातोय.

---

कराडची_पर्यवेक्षक | मंगळवार, सायंकाळी 6:34

मेन बंद करा. डीबीतल्या न्यूट्रल पट्टीवरच्या सगळ्या तारा सोडवा, एकेक सर्किटचा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मेगर लावा. जिथं शून्य येईल तिथं चोर. बहुतेक वेळा इन्व्हर्टरच्या जोडणीत किंवा एखाद्या सॉकेटमधे कुणीतरी न्यूट्रल मिळाला नाही म्हणून अर्थ वापरलेला असतो. दोन आरसीसीबी असतील तर एकीचा न्यूट्रल दुसरीच्या पट्टीवर गेलाय का तेही बघा.

---

कोपऱ्यावरचा_फ्यूज | मंगळवार, सायंकाळी 6:37

मेगर नाय माझ्याकडं.

---

मिरज_मेगर | मंगळवार, सायंकाळी 6:45

बुलेट आहे ना? ती काढ आणि मिरजेला ये. संध्याकाळपुरता देतो.

---

शाहूपुरी_घरमालक | बुधवार, सकाळी 8:30

काल तिघांनाही फोन करून विचारलं, काम झाल्यावर मेगर आणि अर्थचे आकडे लिहून द्याल का. स्वस्तवाला म्हणाला, "तसलं काय लागत नाही." मधला म्हणाला विचारून सांगतो. महागवाल्यानं मला उलट विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" आणि हसला. त्यानं थोडं कमीही केलं. माल मी स्वतः घेणार, काटा घेऊन जाईन म्हणतो.

---

कृष्णाकाठचा_वायरमन | बुधवार, रात्री 9:55

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांत बारा वर्षांत कुणी सांगितलं नाही ते समजलं.

आज काकांकडं गेलो होतो. विहिरीची गोष्ट त्यांना सांगितली. बराच वेळ गप्प बसले. मग आतून एक वही आणली, त्यात कुणाकुणाला सह्या दिल्या त्याची नावं आणि तारखा. माझं नाव एकतीस वेळा. त्यातली चार-पाच घरं सोडली तर बाकीची मला जागेसकट आठवतात. एकाही घराचा आकडा मी मोजलेला नाही.

पर्यवेक्षकाच्या परीक्षेची चौकशी करायला उद्या निरीक्षकांच्या ऑफिसात जातो. तोवर नवीन कनेक्शनची कामं मिरज_मेगर दादांच्या हाताखाली करायची असं त्यांच्याशी फोनवर ठरलंय. ते साइटवर येणार, त्यांच्या समोर मोजणार, मग सही. माझ्या वाट्याचे पैसे कमी होतील, बायकोला सांगितलंय. सासऱ्यांना अजून नाही.

दोन प्रश्न राहिले. परीक्षेसाठी मराठीतून वाचायला काय आहे? आणि सांगली-कोल्हापूरकडं कुणी चालू स्थितीतला 500 व्होल्टचा मेगर विकतंय का? हाताच्या दांड्याचा असला तरी चालेल. त्या एकतीसातली जवळची घरं रविवारी रविवारी करून येईन म्हणतो, चहावर.